चौदा नंबरच्या टबातलं गवत

"या ट्यूबलाइटला मेलीला काय झालंय कुणास ठाऊक. उजेड देतेय की उपकार करतेय?"

सासूबाई पुटपुटल्या ते कुणाला उद्देशून नव्हतं. पण दुकानाची मागची खोली एवढीशी, की दोघी आत शिरल्या तर वळताना एकीला पोट आत घ्यावं लागे. तिथलं पुटपुटणंही कानाशी तोंड आणून केल्यासारखं ऐकू यायचं. सून कोपरापर्यंत हात टबात बुडवून उभी होती. तिने मान वर केली. ट्यूबलाइट लख्ख जळत होती. चार दिवसांपूर्वीच नवी लावली होती. तिच्या आधीचीही नवीच होती, आणि तिच्या आधीचीही. आठ महिन्यांत या खोलीतले पाच दिवे बदलून झाले होते, आणि त्यातला एकही बिघडलेला नव्हता. काढलेले दिवे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले होते. ते तिथे आहेत हे घरात एक सासूबाई सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"बदलू या," सून म्हणाली.

"बदलून काय उपयोग? हल्ली मालच असा येतो. दिवेही तसलेच आणि माणसंही तसलीच."

माणसं म्हणजे कोण, हे विचारायची सुनेला गरज नव्हती. तिने टबातल्या झाडाचा बुडखा जरा जोरातच उपटला.

दुकान शोभेच्या माशांचं. पुढच्या भागात काचेच्या टाक्या, सासरे गल्ल्यावर, नवरा शिडीवर नाहीतर कुणाच्या तरी घरी फिल्टर बसवायला गेलेला. पण मासे काय, चार दुकानांत मिळतात. या दुकानाचं नाव होतं ते पाण्यातल्या झाडांसाठी, आणि ते नाव सासूबाईंनी कमावलेलं होतं.

झाडं यायची थर्मोकोलच्या खोक्यांतून, ओल्या कागदात गुंडाळून, रबरबँड लावून. सोबत चिठ्ठी असली तर असली. असली तर तिच्यावर काय? 'मिक्स पन्नास'. 'लाल पान'. 'गवत'. पुरवठादार हा माणूस चार वेगळ्या झाडांना एकच नाव द्यायचा आणि एकाच झाडाला चार दिवसांत चार नावं. एकदा तर त्याने कुंडीत लावायची शोभेची झाडं पाण्यातली म्हणून पाठवली होती. पंधरा दिवसांत टबात नुसता चिखल झाला. वर याच्या तोंडात एकच वाक्य, की सगळीकडे हेच चालतं.

सगळीकडे चालत असेल, सासूबाईंकडे चालत नव्हतं. त्यांचा नियम साधा होता. बागवाले ही झाडं पाण्याबाहेर वाढवतात. ती पाण्यात आली की जुनी पानं गळतात आणि नवी फुटतात ती वेगळीच, गोल होतं ते लांबट होतं, हिरवं होतं ते तांबूस होतं. म्हणून खोकं आलं की प्रत्येक जुडीला नंबराचा चिमटा लावायचा, टबात सोडायची आणि गप्प बसायचं. "माहेरची पानं गळू देत," त्या म्हणायच्या, "सासरचं पहिलं पान फुटलं की मग नाव." नवं पान आल्याशिवाय पट्टी लागत नसे, आणि पट्टी लागल्याशिवाय झाड पुढच्या दुकानात जात नसे. आइस्क्रीमच्या डब्यांची झाकणं कापून केलेल्या त्या पांढऱ्या पट्ट्या, त्यांच्यावर काळ्या मार्करने त्यांचं टपोरं, एका ओळीत चालणारं अक्षर. आठवी शिकलेल्या बाईने मुखपृष्ठ फाटलेल्या एका जुन्या कॅटलॉगवरून सगळी लॅटिन नावं पाठ केली होती. लोक दुसऱ्या दुकानांतून घेतलेली झाडं पिशवीत घालून नुसतं नाव विचारायला त्यांच्याकडे यायचे. "मावशी, हे काय आहे हो?" मावशी पान उजेडाकडे धरायच्या, एकदा हुं करायच्या आणि सांगायच्या. कधी म्हणायच्या, "माहीत नाही. महिन्याने या." हे 'माहीत नाही' ऐकायला मिळतं म्हणून तर लोकांचा विश्वास होता.

सुनेला त्यांनीच शिकवलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला शेवाळ आणि झाड यातला फरक कळत नव्हता. सासूबाईंनी तिला टबापाशी उभं केलं होतं, तिचं बोट धरून गवतासारख्या एका पानाच्या कडेवरून टोकाकडे नेलं होतं. "काय लागलं?" "खरखरीत." "आता हे?" "हे गुळगुळीत." "खरखरीत ती व्हॅलिस्नेरिया. ही वाढेल ती थेट तुझ्या खांद्यापर्यंत. गुळगुळीत ती सॅजिटेरिया, ही शहाण्यासारखी आखूड राहते. लहान असताना दोघी जुळ्या बहिणी. डोळ्याला फसवतात, बोटाला नाही." सून ते कधी विसरली नाही. स्वतः सासूबाई मात्र बोट लावायच्या नाहीत. बोट शिकाऊ माणसाने लावायचं. त्यांना लांबून दिसायचं.

दिसायचं.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी सुनेला नऊ नंबरच्या टबात चुकीची पट्टी सापडली. साधी चूक नव्हती, हसू यावं अशी चूक होती. पेरूला केळं म्हणावं तशी. तिला वाटलं, आपली परीक्षा घेतायत. दुसऱ्या आठवड्यात तीन पट्ट्या चुकल्या. अक्षरंही बदलली होती. ओळ चढावर लागल्यासारखी वर जायची, एक अक्षर दुसऱ्याच्या मांडीवर बसायचं, शेवटचं पट्टीबाहेर पडून हरवायचं. आणि मुख्य म्हणजे नियमच मोडला होता. नव्या पानाची वाट न बघता खोकं आलं त्याच दिवशी पट्ट्या लागत होत्या, कारण नवं पान आलंय की नाही हे कळायला आधी ते दिसायला हवं.

तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "थकली असेल." सासऱ्यांना सांगितलं. सासरे म्हणाले, "बघू." सासरे सगळ्याच गोष्टींना बघू म्हणायचे. दुकानाला आग लागली असती तरी आधी बघू म्हणाले असते.

एकदाच नवऱ्याने जेवताना, भाजी वाढून घेता घेता, डोळ्यांच्या डॉक्टरांचा विषय काढला होता. सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या ते ऐकून सगळ्यांना वाटलं, न बोललेलंच बरं होतं. "माझ्या आईला दिसेनासं झालं तेव्हा तिला खिडकीशी खुर्ची टाकून दिली होती," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी फार प्रेमाने केलं. चहा हातात, जेवण हातात. पण त्या दिवसानंतर तिला घरात कुणी एक गोष्ट विचारली नाही. मीठ किती घालू एवढंसुद्धा नाही. मला खुर्ची टाकायची घाई झाली असेल तर स्पष्ट सांगा." सासऱ्यांनी पाणी मागितलं.

मग कुणीही न ठरवता एक पद्धत पडली. सून सकाळी अर्धा तास आधी किल्ली घेऊन जायची. एकेक टब तपासायची, चुकीच्या पट्ट्या काढून परकराच्या खिशात कोंबायची आणि नव्या लिहायची, सासूबाईंच्या अक्षरात. त्यांच्या जुन्या अक्षरात, सरळ ओळीत चालणाऱ्या. 'क'चं शेपूट लांब ओढायचं, 'र' जरा मागे झुकवायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा कुणाच्या तरी कपाटात हात घातल्यासारखं वाटलं. नंतर सवय झाली. सवयीचंही एक वेळ ठीक, पण त्याच्यापुढे जाऊन तिला ते आवडायला लागलं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. रिकाम्या दुकानात, पंपांच्या गुरगुरण्यात, अनोळखी पान हातात धरून 'तू कोण गं?' विचारायचं आणि उत्तर यायचं. महिनाभर वाट बघून यायचं, पण यायचं. ती चांगली होती या कामात. हे फक्त तिला आणि टबांना माहीत होतं.

बाकी जगाला माहीत होतं ते इतकंच, की मावशींच्या हाताखाली त्यांची सून आहे आणि ती जरा वेंधळी आहे. कारण एखादी पट्टी नजरेतून सुटली आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, की सासूबाई म्हणायच्या, "हिने अदलाबदल केली असेल. सांगून सांगून थकले." आणि नवरा शिडीवरून खाली बघत नसे, आणि सासरे माशांना दुसऱ्यांदा दाणे घालत.

"तुझं काय जातं?" नवरा घरी म्हणायचा. "आई खूश, दुकान चालू."

"माझं काय जातं?" ती म्हणायची. "जा, तू एकदा वेंधळा हो चार लोकांत. मग सांगते काय जातं."

"चिडतेस कशाला एवढी?"

चिडण्याचं माप असतं की काय, वाटीने मोजून घ्यायला? तिचा राग आता भांड्यांत उतरत होता, दारांत उतरत होता. सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा, तर कदाचित हे साधं असेल याचा. कदाचित तासाभराचं काम असेल, मोतीबिंदू असेल, पट्टी बांधतील आणि आठवड्याने काढतील. पण डॉक्टरला दाखवल्याशिवाय ते कसं कळणार, आणि बोलल्याशिवाय दाखवणार कसं? तीन धडधाकट माणसं मिळून एका बाईपासून तिच्याच डोळ्यांची गोष्ट लपवत होती.

तीन महिन्यांपूर्वी सुनेच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती अकरा दिवस माहेरी होती. जाताना तिने नवऱ्याला बजावलं होतं, फोनवर दोनदा आठवण केली होती. "चौदा नंबरच्या टबातलं गवत अजून छोटं आहे. मला ती व्हॅलिस्नेरिया वाटतेय. पट्टी काहीही लागू दे, मी आल्याशिवाय विकू नकोस."

"हो गं."

परत आल्यावर टब रिकामा दिसला तेव्हा तो म्हणाला होता, गवत सडलं, टाकून दिलं. त्या 'हो गं'चं खरं काय झालं ते आज दुपारी कळलं.

दातांचे डॉक्टर आले. दुकानाचे जुने गिऱ्हाईक, सौम्य माणूस, दाढ काढतानाही आधी माफी मागत असतील असा. त्यांच्या नव्या दवाखान्यात बसण्याच्या खोलीत सहा फुटी टाकी याच दुकानाने बसवली होती. आज त्यांनी गल्ल्यावर एक ओली पिशवी ठेवली आणि तिच्यातून हिरव्या रिबिनी ओढून काढल्या. एक, दोन, तीन. लांबच लांब. सासऱ्यांच्या वहीवर पाण्याचं तळं झालं.

"हे आखूड राहणारं गवत," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या बाजूला लावायला, चाळीस जुड्या. उंची चार बोटं."

सासरे म्हणाले, "बघू."

"बघायचं काही राहिलं नाही, काका. टाकीभर हेच आहे. वरपर्यंत जाऊन आडवं पसरलंय, खाली अंधार. पानं सडून फिल्टरच्या तोंडाशी गोळा झाली आणि परवा सुट्टीच्या दिवशी फिल्टर बंद पडला. काल सकाळी अकरा मासे मेलेले होते. माझ्याकडे लहान मुलं येतात. भीती विसरावी म्हणून आम्ही त्यांना मासे मोजायला लावतो. काल एका मुलीने तरंगणारे मोजले." त्यांनी ओल्या रिबिनी वहीवरून बाजूला केल्या. "मावशी कुठे आहेत? त्यांच्या शब्दावर मी डोळे मिटून घेतलं होतं."

सासऱ्यांना खोकला आला.

सासूबाई मागच्या खोलीतून आल्या. मागोमाग सून आली, हातांतून पाणी गळत. नवरा शिडीवर होता, वरच्या टाकीच्या झाकणात डोकं घालून. बाहेर काढायची त्याची इच्छा दिसली नाही.

"काय झालं, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांनी सगळं पुन्हा सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग हात पुढे केला. पान त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते उजेडाकडे धरलं नाही, हुंही केलं नाही. कडेवरून टोकाकडे बोट फिरवलं. एकदा. दुसऱ्यांदा हळू. सून बघत राहिली. इतक्या वर्षांत तिने त्यांना बोट लावताना पाहिलं नव्हतं.

"ही व्हॅलिस्नेरिया आहे," सासूबाई म्हणाल्या.

"ते मलाही आता कळलं," डॉक्टर म्हणाले. "पण पट्टीवर सॅजिटेरिया लिहिलंय. ठेवली आहे मी." त्यांनी खिशातून पट्टी काढून दिली.

सुनेने ती तीन हातांवरून ओळखली. ओळ चढावर. 'जि' 'टे'च्या मांडीवर बसलेला, 'या' अर्धा पट्टीबाहेर. गावातलं पोरगंही सांगेल ते कुणी लिहिलंय ते.

सासूबाईंनी पट्टी हातभर लांब धरली. मग नाकाशी आणली. मग पुन्हा लांब. पट्टी उलटी होती. अक्षरं खाली डोकं वर पाय, आणि त्या तशाच तिच्याकडे कपाळाला आठ्या घालून बघत होत्या.

डॉक्टरांनी ते बघितलं. त्यांचा राग कुठे गेला ते त्यांनाच कळलं नसावं. ते हातातल्या रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले. सासऱ्यांनी फडकं घेतलं आणि स्वच्छ काच पुसायला सुरुवात केली.

"कुणाचं अक्षर आहे हे?" सासूबाईंनी विचारलं.

सासऱ्यांचं फडकं त्याच जागी फिरत राहिलं.

"मी विचारतेय. कुणी लिहिली ही पट्टी?"

शिडीवरून आवाज आला. डोकं अजून झाकणातच होतं, त्यामुळे तो जरा घुमला. "तिनेच लिहिली असेल, आई. नवीन आहे अजून. होते चूक."

नवीन. लग्नाला सात वर्षं झाली होती.

"वाटलंच," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पट्टी गल्ल्यावर आपटली. "डॉक्टरसाहेब, चूक आमची आहे. टाकी आमचा मुलगा आजच येऊन साफ करून देईल, आणि मासे मी स्वतः निवडून पाठवते. आणि तू गं." त्या वळल्या, पण अर्ध्या हाताने चुकल्या. सून उभी होती तिच्या जरा डावीकडे बघून बोलू लागल्या. "हातात बोटं आहेत ना तुझ्या? मी शिकवलं होतं ना? पान न बघता, हात न लावता नाव ठोकून दिलंस. अकरा जीव गेले. लहान लेकराला मेलेले मासे मोजायला लावलेस. या दुकानात मी कधी असं होऊ दिलं नाही. उद्यापासून तू मागच्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस. टब, चिमटे, पट्ट्या, कशाला हात लावायचा नाही. पुढे बस आणि दाण्यांची पाकिटं विक."

सून डाव्या बाजूच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत होती, जिच्यावर सासूबाई ओरडत होत्या.

उद्या सकाळी तिथे कुणी जाणार नव्हतं. परवाही नाही. एकेका टबावर चढावरची पट्टी लागणार होती आणि कुणी ती काढणार नव्हतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत या दुकानाच्या नावाचा चिखल होणार होता. तो झाल्यावरही नवऱ्याचं डोकं झाकणातच असणार होतं. आणि ती पुढे बसून पाकिटं विकणार. 'तू कोण गं' म्हणायला तिच्या हातात पान नसणार.

"अगं, माफी माग आणि मिटव," शिडी म्हणाली.

"बघू, बघू," सासरे म्हणाले. "पोरगी आहे, शिकेल."

"मावशी," डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "जाऊ द्या, मी उगाच... मला वाटतं यात त्यांची काही..." आणि तेही थांबले. परका माणूस. त्यालाही दिसलं होतं, आणि तोही पिशवीची घडी घालत होता. आठ महिने जिला आपण घरातली माया समजत होतो, ती अशी दारातून आलेल्या कुणालाही अर्ध्या मिनिटात लागते, हे बघून सुनेला हसूही आलं आणि संतापाने डोळे भरून आले.

"खाली ये," ती नवऱ्याला म्हणाली.

"आं?"

"शिडीवरून खाली ये. आणि बाबा, ते फडकं ठेवा. काच स्वच्छ आहे."

असं ती सासऱ्यांशी आजवर कधी बोलली नव्हती. सासऱ्यांनी फडकं ठेवलं. नवरा उतरला, एकेक पायरी चाचपत, जणू आज शिडीला पायऱ्या जास्त झाल्या होत्या.

"हे काय नवीन?" सासूबाई म्हणाल्या. "कुणावर आवाज चढवतेयस?"

सुनेने हात पदराला पुसले. पट्टी उचलली, सरळ केली आणि सासूबाईंच्या तळहातावर ठेवली. तळहात गार होता, ओला, मार्करच्या शाईने कडेला काळा झालेला. तिने तो सोडला नाही.

"आई, ही पट्टी मी लिहिलेली नाही. त्या आठवड्यात मी इथे नव्हते. हे अक्षर तुमचं आहे, आणि तुम्ही ती उलटी धरली होतीत."

"उलटी? मूर्ख आहेस का? या मेल्या उजेडात..."

"उजेड ठीक आहे." तिने तळहात आणखी घट्ट धरला. "पाच दिवे बदलले आम्ही. पाचही चांगले होते. यांना माहीत आहे, बाबांना माहीत आहे, मला माहीत आहे, आता डॉक्टरांनाही माहीत झालंय. तुम्हाला दिसत नाही, आई."